भिंतीवरचे पाच तुकडे

अर्मासनं चिमटीतला बंदुकीच्या दारूचा एक कण तराजूच्या पारड्यात सोडला, काटा थांबेपर्यंत श्वास रोखला आणि तोच कण पुन्हा उचलून डब्यात टाकला.

"एका कणानं काय होणार आहे, बाबा?" त्याच्या लेकीनं, हेल्मीनं विचारलं.

"एका कणानं काही होत नाही. पण मग दुसराही चालेलसं वाटायला लागतं."

दारू पितळी नळीत गेली, वर गोळी बसली, यंत्राचा दांडा खाली आला आणि विसावं काडतूस तयार झालं. म्हातारा ऐंशीच्या घरातला, पण हात जराही हलत नव्हता. त्याची कसोटी एकच. कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही भोकं पंचवीस सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. एखादं जरी बाहेर डोकावलं, तरी सगळा घाट पहिल्यापासून.

आणि असा हा माणूस शिकारीच्या कॅम्पवर चेष्टेचा धनी होऊन बसला होता.

हंगाम उघडतो पंधरा नोव्हेंबरला. गेली पाच वर्षं पहिल्याच सकाळी दलदलीतून मोठ्या शिंगांचा तोच एक हरणाचा नर अर्मासच्या मचाणासमोर यायचा, अर्मास एक बार काढायचा आणि नर आल्या वाटेनं दलदलीत पसार व्हायचा. मग हंगाम संपेपर्यंत त्याचं दर्शन नाही. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीनं कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं, ही कॅम्पची आजोबा-पणजोबांपासूनची रीत. अर्मासचे पाच तुकडे ओळीनं लटकत होते.

गंमत म्हणजे आठवड्याभरानं हाच म्हातारा, हीच काडतुसं घेऊन, एका गोळीत मादी पाडायचा आणि हिवाळ्याचं मटण घरी आणायचा. लोक म्हणत, शिंगं दिसली की म्हाताऱ्याला हुडहुडी भरते.

कॅम्पवरचा डेल्बर्ट तर फारच बोलायचा. त्याचं मचाण त्याच वाटेवर, थोडं खाली. म्हातारबांनी बार काढला नसता तर जनावर चालत माझ्या पुढ्यात आलं असतं, हे रडगाणं तो दर वर्षी कॉफीबरोबर ऐकवायचा. शेवटी यंदा कॅम्पनं ठरवलं की अर्मासनं चुलीपाशी बसावं आणि त्याच्या मचाणावर हेल्मीनं. अर्मासनं मान डोलावली. हेल्मीला मात्र ते फार लागलं. बापाचं हसं झालेलं तिला बघवत नव्हतं. नर पाडणाऱ्यानं आपल्या घरचे तुकडे भिंतीवरून उतरवायचे, हीही रीतच होती. यंदा पाचही तुकडे उतरवायचेच, अशी खूणगाठ तिनं मनाशी बांधली होती.

अर्मासचं टेबल खिडकीपाशी होतं. सात वर्षांपूर्वी तिथं हेल्मीच्या आईची, लेम्पीची खाट असायची. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात बाहेरच्या सफरचंदाच्या झाडाखाली हरणाचं एक पाडस येई. डावा कान मधोमध फाटलेला. ते आलं की लेम्पी औषध मुकाट्यानं घेई, नाही आलं की कुरकुर करी. ती गेली आणि पाडसही यायचं थांबलं.

अर्मासनं काडतुसांची पेटी हेल्मीपुढे सरकवली. कोपऱ्यात नेहमीचं नाणंही होतं.

"वठलेल्या बर्चच्या झाडापाशी नर क्षणभर थांबतो. तेवढाच वेळ मिळतो."

"माहीत आहे."

"आणि पोरी, जुना शर्ट घाल."

हेल्मी हसली. "उद्या फोटो निघणार आहे, बाबा."

अर्मासनं पास्टी, मटण-बटाट्याची मोठी भाजलेली करंजी, मोडून अर्धी तिच्या बशीत ठेवली.

सकाळी हेल्मी नवाकोरा लाल चौकड्यांचा शर्ट घालून मचाणावर चढली. उजाडलं. दलदलीच्या काठावरचं गवत हललं आणि तो बाहेर आला. एवढी शिंगं तिनं जन्मात पाहिली नव्हती. पांढऱ्या बर्चपाशी येऊन तो थांबला आणि त्यानं मान वळवली.

रायफलवरच्या दुर्बिणीत तिला त्याचा डावा कान दिसला. मधोमध फाटलेला.

रायफल किंचित हलली. मग स्थिर झाली. हेल्मीनं अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

बार ऐकून डेल्बर्ट धापा टाकत वर आला. मागोमाग कॅम्पवरचे आणखी दोघं. सगळ्यांनी कमरेत वाकून रक्ताचा थेंब शोधला. पानं उलटली, चिखल तपासला. दलदलीकडे परत गेलेल्या खुरांच्या खुणा तेवढ्या सापडल्या.

"बापाची लेक," डेल्बर्ट म्हणाला आणि त्यानं खिशातून कात्री काढली. "आणि शर्ट काय झकास घातलाय, हेल्मीबाई."

तिनं पाठ त्याच्याकडे केली. कात्री कचकच चालली. तुकडा फडकवत तिघं हसत चुलीकडे निघाले. थर्मास राहिला, आलेच मागून, असं सांगून हेल्मी मागे थांबली.

ते दिसेनासे झाल्यावर ती बर्चपाशी गेली. पेटीतलं नाणं काढलं आणि छातीच्या उंचीवर, पांढऱ्या सालीवर टेकवलं. बाबांची पाच आणि तिचं एक, सहाही भोकं त्याखाली झाकली गेली.