तिसरा भागीदार

आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी दवाखान्याच्या जिन्यातच सांगितलं. खोकीवाल्यानं बायकोला घरी आणलं, पलंगावर निजवलं आणि तसाच वकीलबाईंकडे गेला.

त्यांची भागीदारी बाईंनीच करून दिली होती. भागीदार दोघंच, नवरा आणि बायको. पुठ्ठ्याची खोकी करायची आणि चपलांच्या, औषधांच्या दुकानांना पुरवायची. ती मापं घेऊन कापायची, तो चिकटवायचा. तेव्हा बाईंनी विचारलं होतं, दोघांपैकी एक गेलं तर काय? बायको म्हणाली होती, मी गेले तर यांची खोकी वाकडी होतील, धंदा आपोआपच बसेल. दोघं पोट धरून हसले होते.

आता बाईंनी समजावून सांगितलं. दोघांच्या भागीदारीत एक गेलं की फर्म त्याच दिवशी संपते. पुढे त्याला एकट्यानं धंदा करता येईल, पण तो नवा धंदा.

"मूलबाळ नाही आम्हाला," तो म्हणाला. "दोघांचं मिळून एवढंच आहे."

बाईंनी मग एक वाट सांगितली. तिसरा भागीदार घ्यायचा आणि एक गेलं तरी फर्म चालू राहील असं करारात घालायचं. मात्र वहिनी आहेत तोवर त्यांची सही झाली पाहिजे.

धाकटी मेहुणी घराखालच्या कारखान्यातच कामाला होती. ती सही करून मोकळी झाली. राहिली बायकोची.

सही मागायची तर कारण सांगावं लागणार. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. रोज करार घेऊन तो जिना चढायचा. ती पडल्या पडल्या विचारायची, मापं नीट घेताय ना, की माझ्या बहिणीनं सगळ्या गावाचे पाय एकसारखे करून टाकले? तो हसायचा आणि करार घेऊन तसाच खाली यायचा.

काही लागलं की ती काठीनं जमिनीवर ठोकायची. खाली कारखान्यात आवाज आला की तो हातातलं टाकून पळायचा. कधी कधी आवाज नसतानाही पळायचा. मेहुणी म्हणायची, भावजी, कान वाजतायत तुमचे.

एका सकाळी वकीलबाई आपल्या ऑफिसवर आल्या तेव्हा तो बंद दारापाशी उभा होता. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"आजच चला," तो म्हणाला.

"सांगितलंत त्यांना?"

"आता सांगायची गरज राहिली नाही. तिला सगळं कळलंय."

"बोलतात?"

"नाही. पडून आहे. सही नाही जमणार, अंगठा घ्यावा लागेल."

"त्यांची हरकत नाही ना?"

"तिनं माझ्या खोक्यांना हरकत घेतली, बाई. मला कधी नाही."

बाई हसल्या आणि त्याच्याबरोबर निघाल्या.

कारखान्यात मेहुणी पुठ्ठा कापत होती. ताईला आज शांत झोप लागलेली दिसतेय, सकाळपासून एकदाही ठोकलं नाही, असं ती बाईंना म्हणाली. तो जिना चढू लागला.

वरच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बायकोचे केस विंचरलेले होते, चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. बाईंनी पलंगाशी खुर्ची ओढली आणि सगळा करार मोठ्यानं वाचून दाखवला.

"वहिनी, मान्य आहे ना?"

बाईंनी चादरीखालचा हात हातात घेतला. बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं खिशातून शाईचा पॅड काढला आणि उघडून पुढे धरला.

"एवढा अंगठा घ्या, बाई," तो म्हणाला. "मग खाली जाऊन तिच्या बहिणीला सांगायचंय. पहाटेपासून अजून कुणालाच सांगितलेलं नाही."