निळं छप्पर

भारतनं स्कूटर बालवाडीच्या दारात लावली, लेकीला, मोहिनीला उतरवलं, पण त्याचा खिशातला हात काही बाहेर येईना. फुलबाजारात अडत्यांशी तावातावानं भांडणारा हा गडी पंचवटीच्या त्या बोळात पुन्हा चार वर्षांचा झाला होता.

"आत ये की रे," मालिनीबाई म्हणाल्या. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच.

आत तशीच सतरंजी, तसाच खडूचा वास, फळीवर लाकडी तुकड्यांची पिशवी. भारतला एकदम भरून आलं. याच सतरंजीवर तो चौकोन मांडायचा, त्यावर मोठा निळा त्रिकोण ठेवायचा, की झालं घर. एके सकाळी प्रार्थना संपली, सगळ्यांनी डोळे उघडले, पिशवी उपडी केली, तर निळा त्रिकोण गायब. आदल्या दिवशी भारतच त्याच्याशी खेळला होता, कोपरासुद्धा चावला होता त्यानं. बाई रागावल्या नाहीत. "आता घराला छप्पर कसं घालायचं?" एवढंच म्हणाल्या. रडवेल्या भारतनं बरीच खटपट केली, दोन लहान त्रिकोण एकमेकांना भिडवले, आणि तेवढंच मोठं छप्पर तयार झालं. बाईंनी त्याला उचलून घेतलं होतं. पुढे शाळेत त्यानं काही फार दिवे लावले नाहीत, पण तो दिवस त्यानं जपून ठेवला. त्याला चिकटलेली बोचही तशीच राहिली.

"बाई, तुमचं छप्पर मीच हरवलं व्हतं." त्यानं एकदाचा खिशातून त्रिकोण काढला. सागवानी, पॉलिश पेपरनं घासलेला, निळा रंगवलेला. "खिशात घालून नेलं असंल अन् पाडलं असंल कुठंतरी. पोरगी इथं यायला लागली तसं लय टोचायला लागलं."

बाईंनी तुकडा पदरानं पुसला. "इतकी वर्षं हे ओझं वाहिलंस होय रे?" त्यांचे डोळे ओले झाले. "सोडून दे आता. छान केलायस हो."

भारत हलका होऊन निघाला. कोपऱ्यावर गेल्यावर त्याला मोहिनीची पाण्याची बाटली स्कूटरलाच अडकलेली दिसली. तो परत फिरला आणि बाटली द्यायला खिडकीशी आला.

आत पोरं हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. पाठमोऱ्या बाईंनी खिडकीजवळचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात त्रिकोणच त्रिकोण. कुणी प्लायवूडचा करून आणलेला, कुणी पुठ्ठ्याचा, आणि एकजात सगळे निळे. बाईंनी भारतचा सागवानी त्रिकोण त्यांत नीट ठेवला. मग पिशवीत हात घालून त्यांनी रंग उडालेला एक जुना निळा त्रिकोण काढला. त्याच्या कोपऱ्यावर दातांचे व्रण होते. तोही डब्यात गेला आणि झाकण लागलं.

प्रार्थना संपली. पोरांनी डोळे उघडले. बाईंनी पिशवी सतरंजीवर उपडी केली आणि गालाला हात लावला.

"अगंबाई, घराचं छप्पर कुठं गेलं? काल तर होतं."