दोन पातळ्या

सुलक्षणा मार्गासनीतल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी गावोगावच्या पाणीपुरवठ्याचं सॉफ्टवेअर लिहायची. पंपाच्या सेटिंगची एक्सएमएल फाईल स्कीमाशी, म्हणजे ठरलेल्या नियमांच्या साच्याशी, ताडून बघायलाच हवी, विहिरीच्या आणि टाकीच्या नोंदींना वेगवेगळे नेमस्पेस, म्हणजे सारखी नावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून वेगळी आडनावं, द्यायलाच हवीत, असं ती मीटिंगमध्ये पोटतिडकीनं सांगत होती.

"वीस ओळींच्या फाईलला कशाला एवढे सोपस्कार? जरा लक्ष देऊन लिहा की!" तिचा टीमलीडर कुमार हसला. तिनं रागानं लॅपटॉप आपटून मिटला.

तीन आठवड्यांनी तिच्याच गावातली, याच सॉफ्टवेअरवर चालणारी पाण्याची मोटार कोरड्या विहिरीत चालत राहून जळाली. सत्तरीच्या फुलाबाईसुद्धा हंडा घेऊन नदीची वाट चालू लागल्या, आणि पंप सांभाळणाऱ्या गेनूमामांना गावानं चावडीवर उभं केलं. "झोपला व्हतास काय रं?" म्हणून माणसं त्यांच्या अंगावर धावून जात होती.

सुलक्षणाच्या डोक्यात तिडीक गेली. कुमारला पुराव्यानिशी सुनवायचं म्हणून तिनं गावच्या पंपाची फाईल उघडली. 'पातळी' हे एकच नाव विहिरीला आणि टाकीला असं दोनदा लिहिलेलं होतं. अर्ध्या भरलेल्या टाकीची पातळी विहिरीची समजून सॉफ्टवेअरनं मोटार चालूच ठेवली होती. मेलमध्ये चूक करणाऱ्याचं नावच टाकावं, म्हणून त्या ओळी कुणी लिहिल्या तेही तिनं पाहिलं.

ती मेल तशीच टाकून चावडीकडे पळाली.



"मामांना सोडा!" ती ओरडली. "मोटार त्यांनी न्हाई, म्या जाळली."