आतली सूचना

“सूचना तुम्हीच लिहिली नसेल,” पाळणाघराचे संचालक दिघे म्हणाले.

“लिहिली होती! ‘वडिलांकडे देऊ नये, कोर्टाचा आदेश आहे.’” हेमलता टेबलावर हात आपटत ओरडली. दुपारी तिचा घटस्फोटित नवरा येऊन चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेला होता.

शेजारच्या खुर्चीत पाळणाघराची प्रोग्रामर वृषाली बसली होती. गेल्याच आठवड्यात तिनं जुन्या पायथॉन प्रोग्राममधली माहिती नव्या जावास्क्रिप्ट ॲपमध्ये आणली होती. मुलाच्या नोंदीत पालक, पालकाच्या नोंदीत सूचना, अशी ती एकात एक गुंतलेली होती. वृषालीच्या कोडनं पालकांची नावं तेवढी उचलली. आतल्या सूचना मागेच राहिल्या.

तिनं जुनी नोंद उघडून स्क्रीन हेमलताकडे वळवली. “तुम्ही लिहिलं होतं. माझ्या कोडमधून गळलं.”

“तोंड बंद ठेव!” दिघे गरजले.

वृषालीनं नोंदीची प्रिंट काढली. “पोलिसांना हे दाखवा.” हेमलतानं कागद हिसकावून घेतला.

संध्याकाळी वृषालीनं धीर करून फोन लावला.

“सापडली, एसटी स्टँडवर,” हेमलता म्हणाली. “आता तुमचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.”