अठरा भांडी

"अठरा भांडी कमी आहेत, गयाबाई. त्यांना काय पाय फुटले?" वहिनीने विचारलं.

आईला जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता. वीस वर्षं आमच्याकडे कामाला असलेल्या गयाबाई मान खाली घालून उभ्या होत्या. "माईंनाच ठाऊक," एवढंच म्हणाल्या. मी गप्प राहिले, त्याची लाज अजून जात नाही.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून दुपारी शेजारणी पिठलं-भात घेऊन आल्या. मग पलीकडच्या वस्तीतल्या अनोळखी बायका येऊ लागल्या. त्यांनी आणलेल्या प्रत्येक भांड्यावर आईचं नाव कोरलेलं होतं.

"अडीनडीला माईंनी डाळ-तांदूळ भरून दिले होते," एक आजी म्हणाल्या. "रिकामं भांडं परत कसं द्यायचं, म्हणून राहून गेलं."

ओटा भरला, मग खालची फरशी. एवढी मोठी आई मी कधी पाहिलीच नव्हती.

मग वहिनीने पहिलं ताट वाढून गयाबाईंपुढे केलं. "बसा ना."

"तुम्ही जेवा आधी," गयाबाई म्हणाल्या. "भांडी घासून, मोजून देते."