खिडकीकडचा मॉनिटर

कुंदा गेल्याचा फोन घाटंजीहून तिच्या बहिणीनं केला, तेव्हा वामन बाहेरच्या खोलीतला पंखा पुसत होता. फडकं तिथंच टाकून त्यानं चपला घातल्या. सकाळी बहिणीकडे निघताना कुंदा म्हणाली होती, "कॉम्प्युटर बंद नका करू. संध्याकाळी येऊन राहिलेलं करते." म्हणून त्यानं कॉम्प्युटर चालूच ठेवला. खिडकीकडच्या मॉनिटरचं बटन तेवढं बंद केलं. उगाच वीज कशाला जाळायची. मग दाराला कुलूप लावून तो एसटी स्टँडवर गेला.

वामनची बायको कुंदा घरीच लग्नपत्रिका करायची. तिच्यापुढं दोन मॉनिटर होते. समोरचा नवा. खिडकीकडचा जुना, शब्बीर मेकॅनिकनं दुरुस्त करून बसवून दिलेला. चालू असलेली कामं ती खिडकीकडच्या मॉनिटरवर ठेवायची, कारण गिऱ्हाईक त्या बाजूला बसायचं. पत्रिका छापून गेली की तिचा आयकॉन ओढून समोरच्या मॉनिटरवर आणायची. कुठं लिहून ठेवायची नाही. खिडकीकडं पाहिलं की काय राहिलं ते कळायचं.

राख सावडून झाली. पाहुणे पांगले. वामन तिच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं माउस हलवला. समोरचा मॉनिटर उजळला. मग त्यानं खिडकीकडच्याचं बटन दाबलं. तो लागला, पण रिकामा. त्याच्यावरचे सगळे आयकॉन समोर येऊन झालेल्या कामांत मिसळले होते.

लग्नसराई तोंडावर होती. कुंदा गेली आणि आमचं काम बुडालं, असं एकाही गिऱ्हाइकानं म्हणू नये, एवढंच वामनला वाटत होतं. त्यानं शब्बीरला बोलावलं. शब्बीर मातीलाही आला होता. त्यानंतर रोज येऊन दारात बसून जात होता.

शब्बीरनं मागच्या वायरी पाहिल्या.

"खराब काही नाही झालं, वामनभाऊ. तुमी आधी समोरच्याले उठवलं. जुना झोपलेलाच होता. याले वाटलं, तो गेला. त्याचं सामान यानं आपल्यापाशी घेतलं."

"मग तो उठल्यावर वापस काहून नाही दिलं?"

"देते कधी कधी. या खेपेले नाही दिलं. भाभी आधी जुन्याचं बटन दाबे, मंग माउसले हात लावे. तुमी कधी पाह्यलं नाही?"

वामननं पाहिलं नव्हतं. त्या वेळी तो आत चहा ठेवत असे.

"तारखेनं लावून देऊ का?"

"ती तारखेनं नव्हती लावत."

"मंग एकेक उघडून पाहा. दुसरा इलाज नाही."

पहिल्या पत्रिकेत वर गणपती होता. दुसरीतही होता. तिसरीत वरची जागा रिकामी होती. तेव्हा वामनला आठवलं. कुंदा देव सगळ्यात शेवटी टाकायची. आत्याचं राहिलं, मामाचं राहिलं म्हणून पत्रिकेवरून भांडणं होतात. गिऱ्हाइकानं सगळी नावं मोठ्यानं वाचून हो म्हटलं की मगच ती वर गणपती बसवायची आणि लगेच छापायला द्यायची. "देव बसला. आता कोणी घुसायचं नाही," असं हसून सांगायची.

मग काम सोपं झालं. देव असलेल्या पत्रिका समोर राहिल्या. देव नसलेल्या वामन एकेक करून खिडकीकडं ओढत गेला. एक उघडली तर जेबाच्या निकाहची निघाली. जेबा शब्बीरची मुलगी. वर बिस्मिल्लाहची जागा कोरी होती.

"अरे, ही तर तुझीच. रोज येऊन राह्यला, बोलला काहून नाही?"

"कसा बोलू, भाऊ?" शब्बीर हातातली वायर गुंडाळत राहिला.

"वाच नावं."

शब्बीरनं वाचली. एका ओळीवर थांबला. "जेबाच्या मोठ्या खालूचं राह्यलं. तिच्या मोठ्या मावशीचा नवरा."

"तो जेवणार नाही मग."

"जेवते तो, भाऊ. पण जेवता जेवता सुनावते."

वामन हसला. कचेरीत जन्मभर टायपिंग केलेल्या बोटांनी त्यानं खालूचं नाव लिहिलं. शब्बीरनं पुन्हा सगळी नावं वाचली, हो म्हटलं. वामननं वर बिस्मिल्लाह टाकलं.

बाकीच्या पत्रिका लावून झाल्या. समोर डाव्या हाताला, सगळ्यांत वर, एक आयकॉन राहिला. वामन मघापासून तो सोडून खालचे उघडत होता. तो तेरवीच्या पत्रिकेचा नमुना होता. कुंदा तो खिडकीकडच्या मॉनिटरवर अगदी खालच्या कोपऱ्यात ठेवायची. लग्नाच्या माणसांना दिसू नये म्हणून त्या कोपऱ्यापुढं पेनांचा डबा ठेवायची. डबा अजून तिथंच होता. त्याच्यामागं काही नव्हतं.

"हा तिकडं सारून देऊ?" शब्बीरनं हळू विचारलं. "डब्याच्या मागं?"

"नको. राहू दे समोर."

वामननं नमुना उघडला. 'कै. श्री./सौ.' असं होतं. त्यातलं 'श्री.' त्यानं खोडलं. पुढचं नाव लिहायचं राहिलं होतं.