बॉक्सिंग डेची सोंगं

"बाई, तुम्ही इथे नवीन दिसता," अझराया म्हणाला. "सणासुदीलासुद्धा कामावर बोलावलं का तुम्हाला?"

ड्रूसीने त्याच्या गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं. "बाबा, मी ड्रूसी."

"ड्रूसी माझी मुलगी," त्याने समजावून सांगितलं. "तुम्हाला भेटली की आवडेल. तोंडाळ आहे, पण आवडेल."

उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. चेहरे त्याच्या हातून निसटत होते. आधी शेजाऱ्यांचे निसटले, मग तिचाही. आज बॉक्सिंग डे, नाताळ कालच झाला होता. सुट्ट्या संपल्या की ती त्याला गँडरच्या वृद्धाश्रमात नेऊन सोडणार होती. खोली ठरली होती, बॅग भरायची होती. तिला एकच हवं होतं. जाण्याआधी एकदा त्याने तिच्याकडे बघून तिला तिच्या नावाने हाक मारावी.

बाहेर दुपारपासून बर्फ पडत होता. वारा अजिबात नव्हता. खाडी, उपड्या घातलेल्या होड्या, कुंपणं, सगळं एकाच पांढऱ्यात विरघळलं होतं. लोखंडी चुलीवर किटली वाफ सोडत होती आणि खिडक्या धुरकटल्या होत्या. घर दोर सुटून, आवाज न करता, कुठेतरी तरंगत निघाल्यासारखं वाटत होतं.

दारावर वल्ह्याचा ठोका पडला.

"सोंगं आलीत! आत घेता का?"

आवाज घशात उलटा गेल्यासारखा होता. नाताळाच्या दिवसांत वेष पालटून घरोघर फिरणारी सोंगं अशीच बोलतात. श्वास आत ओढत बोललं की कुणाचा आवाज कुणाला कळत नाही.

"या, या!" ड्रूसीच्या आधी अझरायाच ओरडला.

तिघं आत आली. एकाने जाड कोटावर बायकी नाइटी चढवली होती आणि डोक्यावर डोळ्यांपुरती भोकं पाडलेला उशीचा अभ्रा घातला होता. दुसऱ्याने पाठीत उशी खुपसून कुबड काढलं होतं. तिसऱ्याच्या तोंडावर टेबलक्लॉथ होता. बूट उलट्या पायांत होते. तिघं नाचायला लागली तशी फळ्या दणाणल्या, कपाटातल्या बशा किणकिणल्या. आता घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की सोंगाने तोंडावरचं काढायचं आणि रम घ्यायची. नाही ओळखलं, तर नाचत राहायचं.

ड्रूसीला धास्ती वाटली. एकेकाळी, तो मासेमारी होडीचा स्किपर होता तेव्हा, साऱ्या खाडीत त्याच्याइतकं झटकन कुणी ओळखत नसे. आज सगळ्यांसमोर त्याची फजिती होणार.

अझराया पुढे झुकला. बराच वेळ तो नुसता पाय बघत होता.

"कुबड्या, तू मोझ. तुझा डावा खांदा तुझ्याआधी दारातून आत येतो. टेबलक्लॉथवाली तुझी बहीण, थिओडोरा. नाचताना ताल चुकला की ती थांबते आणि दुसऱ्याकडे रागाने बघते. आणि नाइटी कुणाची रे ही, क्लेटन? बायकोची? तिच्यापेक्षा तुलाच शोभते!"

एकच हशा उठला. क्लेटनने अभ्रा ओढून काढला. "स्किपर, तुमच्यापासून लपायची सोयच नाही!"

अझराया त्या घामेजलेल्या, हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याचं हसू सावकाश मावळलं.

"आपण कुठले?" त्याने अदबीने विचारलं.

ड्रूसी रमची बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. माणसांचं चालणं, थांबणं, खांदे टाकणं, हे सगळं त्याच्यात शाबूत होतं. फक्त चेहरा समोर आला की वाट बंद होत होती.

तिने बाटली थिओडोराच्या हातात दिली आणि ती मागच्या पडवीत गेली. खुंटीवरचा मासेमारीचा जुना कोट तिने अंगात घातला. धुऊन ठेवलेला लेसचा पडदा डोक्यावरून खाली सोडला. बूट उलटे चढवले. घराला वळसा घालताना बर्फात तिची पावलंसुद्धा वाजली नाहीत. पुढच्या दाराशी ती थांबली. त्याने असंही ओळखलं नाही, तर मग काहीच उरत नव्हतं. क्षणभर वाटलं, न विचारलेलंच बरं.

तिने दार ठोठावलं.

आत सगळं लेसच्या फुलांमधून दिसत होतं. दिवा पसरट झाला होता, माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. नाचायचं तिला सुचलंच नाही. ती खोलीच्या मधोमध निघाली. चुलीपाशी येताच तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने धुराड्याची झडप जराशी फिरवली, रोज फिरवायची तशी.

"अगं, त्या चुलीला हात लावल्याशिवाय तुला कधी पुढे जाता आलंय का?" अझराया म्हणाला. "तुझी आई तशीच आणि तू तशीच. ड्रूसी! कुठे होतीस गं इतके दिवस? किती वाट बघायला लावलीस!"

"ओळखलं!" मोझने टाळी वाजवली. "काढ, काढ पडदा!"

क्लेटनने बाही धरून त्याला थांबवलं.

ड्रूसीचा हात पडद्याच्या काठापर्यंत गेला. लेसपलीकडे बाबांचे डोळे थेट तिच्यावर होते, लखलखीत. चेहरा दिसला की ते नाव पुन्हा हरवणार होतं; तिने हात खाली घेतला. मग खोल श्वास आत ओढला.

"चुकलात, स्किपर," ती सोंगाच्या आवाजात म्हणाली. "पुन्हा ओळखा."